बुधवारच्या बाई

देवाला कोणी असं झापताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. तेही मराठीत, आणि तेही जपानमधल्या मुलींच्या शाळेत.

"बापा, ह्या पोरीला गणित येत नाही, हे तुला काय आज कळलं? परीक्षा परवावर आली. आता तरी लक्ष घाल. तुझ्या कानावर घालते असं मी तिला सांगितलंय, मला तोंडघशी पाडू नकोस."

मी केतकीच्या वर्गशिक्षिकेला भेटायला गेले होते. केतकी माझी मुलगी, तेव्हा नुकतीच चौदाची झालेली. ह्यांची बँकेकडून तोक्योला बदली झाली होती, आम्ही तोक्योशेजारच्या इचिकावात राहत होतो आणि परदेशी मुलींना सांभाळून घेणारी जवळची बरी शाळा म्हणून तिला या मिशनच्या शाळेत घातलं होतं. शिक्षिकेनं बराच वेळ हसतमुखानं जे काही सांगितलं, त्यातलं 'केतकी-सान' सोडून मला काहीही कळलं नव्हतं. मुलीचं कौतुक झालं की तक्रार, या गोंधळात मी बाहेर पडले, तर प्रार्थनागृहाशेजारच्या खोलीतून हे ऐकू आलं. पाहुण्यांसाठी शाळेच्या दाराशी ठेवलेल्या हिरव्या सपाता फटक फटक वाजवत मी तिथपर्यंत गेले आणि आत डोकावले.

आत पाच-सहा जपानी मुली माना खाली घालून बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर वाडगं, वाडग्यात मटारच्या शेंगा. मध्ये एक सावळ्या, ठेंगण्या बाई. वय पन्नाशीच्या पुढे, अंगावर सुती साडी, साडीवर पुरुषी निळं जाकीट आणि डोळे सताड उघडे. शेंगा सोलता सोलता त्यांचं देवाशी भांडण चाललं होतं. मुलींना त्यातलं अक्षर कळत नसणार, तरी 'आमेन' सगळ्यांनी बरोबर वेळेवर म्हटलं. ज्या मुलीला गणित येत नव्हतं, ती डोळे पुसून चक्क हसली.

"कुठल्या तुम्ही?" बाईंनी माझ्याकडे न बघताच विचारलं.

"पुण्याची."

"मी नगरची. उभ्या काय राहताय, पुणेकर? वाडगं घ्या."

मी वाडगं घेतलं. का घेतलं ते मला आजही सांगता येणार नाही.

त्या खोलीत दर बुधवारी चर्चमधल्या चार-पाच बायका यायच्या. पगार नाही, काही नाही. दुपारच्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर मुली आपापली दुखणी घेऊन तिथे यायच्या. कुणाची परीक्षा, कुणाचं मैत्रिणीशी फाटलेलं, कुणाच्या घरी वडील पिणारे. बायका ऐकून घ्यायच्या आणि त्या मुलीबरोबर प्रार्थना करायच्या. कोण काय म्हणतंय ते बाई मला मध्ये मध्ये मराठीत सांगायच्या, आणि हळूहळू माझ्या कानालाही थोडं जपानी कळायला लागलं. या सगळ्यांच्या प्रमुख मोरिता-सान. करडा स्कर्ट, मोत्यांची माळ, हात मांडीवर एकावर एक. मोरिता-सानची प्रार्थना इतकी हळू आवाजात चालायची, की देवाला कान लावूनच ऐकावी लागत असेल. त्यांच्या शेजारी आमच्या बाई म्हणजे भजनी मंडळात घुसलेला ताशा.

बाई शिकायला म्हणून तरुणपणी जपानला आल्या होत्या. नर्सिंगचं काहीतरी होतं. इचिकावातल्या एका नाशपातीच्या बागवाल्याशी लग्न करून त्या इथल्याच झाल्या. वडील नगरकडे उपदेशक होते, टाळ-मृदंगावर येशूचं कीर्तन करायचे, हे त्यांनी मला एकदा ओझरतं सांगितलं. जपानी त्या अस्खलित बोलायच्या, पण ते नवऱ्याकडून आणि बागेतल्या गड्यांकडून उचललेलं. तोंड उघडलं की मुली एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. प्रार्थना मात्र त्यांना मराठीशिवाय जमायची नाही. "नवऱ्याशी जपानीत भांडता येतं. देवाशी नाही येत," असं त्यांचं म्हणणं.

रिकाम्या हातांनी प्रार्थना करणं त्यांना मंजूर नव्हतं. मटार नसतील तर बटणं लावायची असायची, तीही नसतील तर जुन्या स्वेटरची लोकर उसवायची. मोरिता-सान एकदा फार अदबीनं म्हणाल्या, की प्रार्थनेच्या वेळी मन एकाग्र व्हावं म्हणून हात जोडलेले बरे. बाई म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे," आणि त्यांच्या जोडलेल्या हातांत लोकरीचं गुंडाळं अडकवून दिलं. मोरिता-सान गुंडाळं धरून तशाच बसून राहिल्या. रागावल्या की नाही, कळलं नाही. जपानी बाई रागावली आहे का, हे मला तिथे असेपर्यंत कधीच ओळखता आलं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे बाई कोणालाही धीर द्यायच्या नाहीत. म्हणजे आपण ज्याला धीर देणं म्हणतो, ते. एखादी मुलगी विचारायची, मी पास होईन ना? मोरिता-सान म्हणायच्या, देवावर भरवसा ठेव. बाई म्हणायच्या, "मला काय माहीत? पेपर मी थोडाच काढलाय? आपण त्याच्या कानावर घालून ठेवू." घटस्फोट घेतलेले बाबा परत येतील का? "मला काय माहीत?" माझी मैत्रीण माझ्याशी पुन्हा बोलेल का? "मला काय माहीत?" आणि तरी रांग लागायची ती बाईंपुढे. मी शेजारी बसून विचार करायची, की या मुलींना इथे मिळतं तरी काय? मटार तर त्या घरीही सोलू शकतात.

एक मुलगी यायची ती बोलायचीच नाही. येऊन बसायची आणि घंटा झाली की जायची. मोरिता-साननी तिला चहा दिला, बिस्किटं दिली, गोड आवाजात विचारपूस केली. ती गप्प. मग बाई तिच्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "बापा, ही बोलत नाही. आज मीही बोलणार नाही. तुला काही बोलायचं असलं तर बोल." आणि खरंच दोघी घंटा होईपर्यंत गप्प बसून लोकर उसवत राहिल्या. पुढचे कितीतरी बुधवार हेच. मग ती मुलगी यायची बंद झाली. ती बरी झाली, की शाळा सोडून गेली, मला माहीत नाही. बाईंना विचारलं तर काय उत्तर मिळेल ते मला ठाऊक होतं, म्हणून विचारलं नाही.

मधल्या तासांना, मुली वर्गात असताना, बाई आपली कापडी पिशवी उचलायच्या आणि "फेरी मारून येते" म्हणून गायब व्हायच्या. पिशवीत एक ब्रश आणि साबणाची वडी असायची. हाताला कायम साबणाचा वास. मला वाटायचं, बागेतली मुळा-गाजरं धूत असतील.

माझं तिथे काय काम होतं? तसं काहीच नव्हतं. पण बुधवार आला की मी डबा भरून निघायची. घरी हे विचारायचे, "तू ख्रिश्चन झालीस की काय?" मी म्हणायची, "छे हो, मटार सोलते." तोक्योतल्या ओजिमाला आपल्या चार मराठी घरांत संक्रांतीचं हळदीकुंकू असायचं, तिथेही कुजबुज पोचली. एक वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सांभाळून हं. ते लोक गोड बोलून बाटवतात." बाई आणि गोड बोलणार! तरी माझ्या मनात किडा शिरलाच. पुढच्या बुधवारी मी सरळ विचारलं.

"बाई, तुम्हाला मला ख्रिस्ती करायचंय का?"

त्यांनी माझ्या वाडग्यात बोट घालून दोन किडके दाणे बाहेर काढले. "आधी मटार नीट निवडायला शिका, पुणेकर. मग बघू."

याचा अर्थ हो होता की नाही? मी 'आमेन' मात्र नेहमी चुकीच्या जागी म्हणायची. बाई श्वास घ्यायला थांबल्या की मला वाटायचं झालं, आणि मी मोठ्यानं 'आमेन' करून टाकायची. मुली फिस्सकन हसायच्या.

माझ्या लेकीला या सगळ्याची भयंकर लाज वाटायची. आई शाळेत येते, वर मटार सोलते! केतकीशी मी मराठीत बोलायची आणि ती मला जपानीत उत्तर द्यायची. "हाझुकाशी," एवढंच. लाज वाटते. बुधवारी ती त्या खोलीच्या बाजूलाही फिरकायची नाही. घरीही तिचं बोलणं कमी कमी होत चाललं होतं. वर्गात काय चाललंय विचारलं तर "बेत्सुनी." म्हणजे काही विशेष नाही. मैत्रिणी आहेत का? "बेत्सुनी." "मी वर्गात शिरले की मुली बोलायच्या थांबतात," असं एकदा तिच्या तोंडून निसटलं, मग लगेच म्हणाली, "मलाच तसं वाटत असेल." तिला खरंच त्रास होत होता का तिला नुसता तसा भास होत होता, तिलाही कळत नव्हतं आणि मलाही. टीव्हीवर त्या दिवसांत शाळेतल्या छळाच्या बातम्या सारख्या असायच्या. मी त्या अर्धवट समजून अख्खी घाबरायची.

अशात ते बुटांचं झालं.

जपानी शाळेत बाहेरचे बूट दारातल्या कप्प्यात काढून आत पांढरे कापडी बूट घालायचे असतात. त्यांना म्हणतात उवाबाकी. टाचेवर मुलीचं नाव लिहायचं असतं. केतकीचं नाव मी त्या लिपीत फार कष्टानं लिहिलं होतं, शेवटचं अक्षर तिरकं होऊन खाली घसरलं होतं. आणि बूट अर्थातच एक माप मोठे घेतले होते. वाढत्या वयाच्या पोरीला मापाचे बूट कोण घेतं? आमच्या घरात कोणी घेतलेले नाहीत. पुढे कापसाचे बोळे घातले, झालं. ती पाय ओढत चालायची, मी म्हणायची, नीट चाल.

केतकीला सर्दी-तापानं दोन-तीन दिवस घरी ठेवलं होतं. गुरुवारी ती शाळेत गेली, तर कप्पा रिकामा. बूट गायब. जपानमध्ये कोणाचे उवाबाकी नाहीसे झाले, की लहान पोरालाही त्याचा अर्थ कळतो. तू आम्हाला नको आहेस, हे सांगायची ती तिथली रीत. दिवसभर ती पाहुण्यांच्या हिरव्या सपाता घालून त्या वर्गात बसली. चालली की फटक फटक आवाज, आणि प्रत्येक आवाजाला सगळ्यांच्या माना वळणार. घरी आली, दप्तर टाकलं, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

शुक्रवारी ती गेलीच नाही. शाळेनं मात्र मनावर घेतलं. वर्गशिक्षिकेनं सगळ्या वर्गाला कामाला लावलं, मुलींनी कचऱ्याचे डबे पालथे घातले, स्वच्छतागृहं शोधली, कबूल करा म्हणून प्रत्येकीला उभं केलं. मुली रडल्या. हे सगळं शिक्षिकेनं फोनवर सांगितलं तेव्हा केतकी ऐकत होती. ती म्हणाली, तेही चक्क मराठीत, "आई, आता तर मी कधीच नाही जाणार. आता त्या सगळ्या माझा खरंच राग करत असतील."

मी बाईंना फोन लावला. बाई कधी फोन घ्यायच्या नाहीत. त्यांचे यजमान घ्यायचे. "बागेत," एवढं म्हणून त्यांनी ठेवून दिला. शनिवारी लावला, "बागेत." सोमवारी लावला, "बागेत." ह्यांनी तोपर्यंत बँकेत विचारायला सुरुवात केली होती, की मुदतीआधी परत जाता येईल का. मी केतकीच्या दाराबाहेर ताट ठेवायची आणि तासाभरानं उचलायची. बाईंच्या बापाला म्हटलं, आमचाही गणपती आहे, पण सध्या जो कोणी मोकळा असेल त्यानं बघावं.

बुधवारी मी शाळेत गेले नाही. दुपारी दाराची घंटा वाजली. दारात बाई. सायकल भिंतीला टेकवलेली, निळं जाकीट, हातात कापडी पिशवी. मी आत या म्हटलं तर आल्या नाहीत. दाराच्या आत आपण चपला काढतो ना, त्या खालच्या फरशीवर त्या गुडघ्यावर बसल्या. पिशवीतून पांढरेशुभ्र उवाबाकी काढले आणि टोकं बाहेरच्या बाजूला करून शेजारी शेजारी मांडले. पाहुण्याला निघताना पटकन पाय घालता यावेत म्हणून जपानी घरात मांडतात, तसे. वयानं एवढी मोठी बाई माझ्या पोरीच्या पायातले बूट हातानं मांडतेय! "अहो बाई, हे काय करताय!" म्हणून मी धावले. त्यांनी मला हातानंच थांबवलं.

"केतकी," त्यांनी आत हाक मारली. "तुझे बूट मीच नेले होते गं. धुवायला नेले होते. माझं चुकलं. शाळेत सांगून आले मी. उद्या हे घाल."

दार उघडलं नाही. मग बाई तिथेच बसल्या बसल्या सुरू झाल्या. "बापा, चूक माझी होती, शिक्षा ह्या पोरीला का दिलीस? तुला माझा पत्ता माहीत नाही का? तिला आता बाहेर काढ. मला गुडघ्यावर फार वेळ बसवत नाही."

बाई श्वास घ्यायला थांबल्या आणि मी सवयीनं 'आमेन' म्हटलं. आतून फिस्सकन आवाज आला. दार उघडलं. केस पिंजारलेली केतकी बाहेर आली, बुटांकडे बघत राहिली. "होन्तो नि?" तिनं विचारलं. खरंच?

"खरंच. मी नेले होते."

तिनं पाय घातला. "पित्तारी," ती म्हणाली. म्हणजे अगदी बरोब्बर बसले.

बरोब्बर कसे बसतील? मी खाली वाकून बघितलं. पुढे कापूस नव्हता. टाचेवर नाव होतं, पण सुबक, सरळ रेषेत. ते माझं अक्षर नव्हतं. हे केतकीचे बूटच नव्हते. मी बाईंकडे बघितलं. त्या गुडघ्यावर हात टेकून उठत होत्या.

दुसऱ्या दिवशी केतकी शाळेत गेली. बाईंनी वर्गापुढे उभं राहून कमरेत वाकून मुलींची माफी मागितली. तुमच्यावर माझ्यामुळे आळ आला, म्हणाल्या. दोन मुली रडत केतकीकडे आल्या, आम्ही नव्हतो गं केलं म्हणाल्या. त्यातली एक पुढे रोज स्टेशनपासून तिच्याबरोबर चालत जायची. आणि शाळेनं बाईंना फार अदबीनं सांगितलं, की उद्यापासून तुम्ही आला नाहीत तर बरं.

मोरिता-सान मला येऊन भेटल्या. डोळे लाल. त्या हळू आवाजात म्हणाल्या, की मुलींचे बूट कोण धुवायला नेईल? बाईंनी शाळेची अब्रू वाचवली, वर्ग वाचवला, तुमची मुलगी वाचवली. सगळ्यांना कळतंय, पण कोणी बोलायचं नाही. शिक्षिकेलाही तसंच वाटत होतं. म्हणजे बाईंनी बूट नेलेले नाहीत असं सगळ्यांनाच वाटत होतं, आणि ते नेल्याबद्दल सगळ्यांनी मिळून त्यांना घालवून दिलं होतं. या देशाचं मला काही कळेना. मी मोरिता-सानचा हात धरून रडले.

त्यानंतर बाई माझ्या लेखी देवमाणूस झाल्या. ओजिमाच्या त्या वहिनींनाही मी ऐकवलं, की बघा, दुसऱ्याच्या लेकीसाठी खोटा आळ अंगावर घेतला माझ्या बाईंनी. गोंधळ एवढाच वाटायचा, की देवाशी इतकं रोखठोक बोलणारी बाई एवढं मोठं खोटं बोलली कशी? त्याला काय सांगितलं असेल? भेटायला गेले की मी आडून आडून विषय काढायची. "बाई, तुम्ही आमच्यासाठी जे केलंत..."

"काय केलं?"

"ते खोटं बोलून..."

"कसलं खोटं? मी नेले होते म्हटलं ना." आणि चिडायच्या. मला वाटायचं, केवढा हा विनय.

पण मनात दुसरंही काही राहून गेलं. बाई खोटं बोलल्या असतील तर बूट खरोखर नेणारी कोणीतरी अजून वर्गात होती. शाळेच्या उत्सवात केतकीच्या मैत्रिणी मला वाकून नमस्कार करायच्या, तळलेले नूडल्स आणून द्यायच्या आणि मी हसत हसत एकेकीचा चेहरा निरखायची. ही असेल? की ही? जी स्टेशनपासून बरोबर यायची, तिच्यावर तर माझा जास्तच संशय होता. एवढी गोड वागते, म्हणजे मन खात असणार. केतकीला एकदा मी विचारलंही, तुला नाही का वाटत की बाई खोटं बोलल्या? ती माझ्याकडे बघत राहिली. "बाई म्हणाल्या ना त्यांनी नेले. मग त्यांनीच नेले." पोर भाबडी आहे, मी म्हटलं.

दोनेक वर्षांनी ह्यांची मुदत संपली आणि आम्ही परत निघालो. निरोप घ्यायला मी बाईंच्या बागेत गेले. हिवाळा होता, नाशपातीच्या झाडांवर पान नव्हतं, यजमान शिडीवर चढून फांद्या छाटत होते. त्यांनी कात्रीनंच शेडकडे खूण केली. मी शेडमध्ये शिरले.

आत घमेल्यात साबणाचं पाणी, बाजूला ब्रश. वर तारेवर, चिमट्यात अडकवलेला, एकच पांढरा बूट. टाचेवर नाव होतं आणि शेवटचं अक्षर तिरकं होऊन खाली घसरलं होतं. मी बुटात बोट घातलं. माझा कापूस, दगडासारखा घट्ट झालेला.

"दुसरा कुत्र्यानं नेला," बाई मागून म्हणाल्या. "पार चिंध्या केल्या मेल्यानं. मग दुकानात गेले. म्हटलं आता घेतेच आहे तर मापाचे घेऊ. पोर पाय ओढत चालायची. दुकानदार म्हणाला ते माप मागवावं लागेल. ते यायला मंगळवार उजाडला. मला काय माहीत ती गुरुवारीच शाळेत यायची? मला वाटलं अजून तापलेलीच असेल."

"म्हणजे... तुम्ही खरंच नेले होते?"

"तेच तर सांगतेय ना मी कधीपासून!"

शाळेत न येणाऱ्या मुलींचे बूट त्या दर बुधवारी घेऊन जायच्या. धुवायच्या, वाळवायच्या, त्या मुलीबद्दल देवाशी भांडायच्या आणि सकाळी शाळा भरायच्या आत कप्प्यात परत ठेवून यायच्या. 'फेरी मारून येते' ती ही. घातलेच नाहीत तर मळतात कुठे, मी विचारलं. "धूळ बसते ना. पोर परत आली आणि धुळीत पाय घालावा लागला, तर?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की आता या पुणेकराला काय समजवायचं.

मी नाशपातीच्या उलट्या क्रेटवर बसले. कोणीही बूट लपवले नव्हते. कुठल्याच मुलीनं. स्टेशनपासून माझ्या लेकीबरोबर चालणारी ती पोर नुसतीच गोड होती. मी जिचं थोर खोटं उराशी धरून बसले होते, त्या बाई पहिल्या दिवसापासून खरं तेच बोलत होत्या, आणि ते खरं धरलं होतं एकट्या केतकीनं. मला हसू आलं, मग रडू आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे उचकी लागली.

बाईंनी पाणी दिलं. मग तारेवरचा बूट काढला आणि घमेल्यात बुडवला.

"अजून धुता?"

"धुते की. बुधवार आहे आज."

"पण बाई, ती शाळेत जाते आता."

"इथल्या जाते. तिथल्या?"

केतकीला आता पुण्याच्या कॉलेजात जायचं होतं. मराठीत विचारलं तर जपानीत उत्तर देणारी माझी मुलगी तिथे पुन्हा नवी, पुन्हा वेगळी असणार होती. कितीतरी दिवस ही भीती मी ह्यांनाही सांगितली नव्हती.

"बाई, तिथे रुळेल ना हो ती?"

"मला काय माहीत?" बाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं, ब्रश माझ्या हातात दिला आणि डोळे उघडे ठेवून म्हणाल्या, "बापा, आता ही तिची आई धुतेय. बघ."